अक्षर एक, रूपं चार

कीबोर्डवर न बघता बोटं टेकवली, की ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांवरचे बारीक उंचवटे हाताला लागतात. टायपिंगची सवय असलेल्या माणसाच्या दोन्ही तर्जन्या तिथेच विसावतात. संगणकात अरबी मांडणी चालू केली, की याच दोन कळांवर ‘बा’ आणि ‘ता’ ही अक्षरं येतात. दोघांचा सांगाडा एकच, टोकांना किंचित वर वळलेली आडवी रेघ. खाली एक नुक्ता दिला की बा, वर दोन दिले की ता.

आता जरा आजूबाजूला बघा. डाव्या करंगळीखालच्या ‘ए’वर शीन आहे आणि शेजारच्या ‘एस’वर सीन, फरक फक्त तीन नुक्त्यांचा. वरच्या ओळीत ‘क्यू’वर दाद, ‘डब्ल्यू’वर साद. ‘आर’वर घशातला काफ, ‘टी’वर फा. ‘वाय’वर गैन, ‘यू’वर ऐन. त्याच ओळीच्या उजव्या टोकाला ‘ओ’, ‘पी’ आणि पुढच्या चौकटी कंसाच्या कळेवर खा, हा आणि जीम हे तिघं ओळीनं बसलेले. एका सांगाड्याची भावंडं बहुतेक शेजारीशेजारी राहतात. अपवाद आहेतच. दाल वरच्या ओळीत अगदी उजवीकडे आहे आणि त्याचा जोडीदार जाल थेट डाव्या कोपऱ्यात, एक आकड्याच्याही अलीकडे. रा खालच्या ओळीत ‘व्ही’वर, तर झाय त्याच ओळीत पूर्णविरामाच्या कळेवर. हे चौघे मुद्दाम लक्षात ठेवावे लागतात. बाकीची मांडणी, ज्याला अरबी मुळाक्षरं ओळखता येतात त्याच्या हाताला आठ-पंधरा दिवसांत सापडायला लागते.

म्हणून अरबी शिकायला बसलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: पहिल्या आठवड्यापासून याच मांडणीवर लिहा. कीबोर्डवर अरबी अक्षरांचे स्टिकर चिकटवले तरी चालेल, पण त्याहून बरं म्हणजे पडद्यावरचा कीबोर्ड उघडून ठेवणं. विंडोजमध्ये विंडोजची कळ, कंट्रोल आणि ‘ओ’ एकत्र दाबले की तो समोर येतो. नजर पडद्यावर राहते आणि बोटं जागा शिकतात.

मांडणी बसवण्याचं काम मात्र पाच मिनिटांचं आहे. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’मधून ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये जा आणि ‘अ‍ॅड अ लँग्वेज’ दाबून ‘अरेबिक’ शोधा. इथे सौदी अरेबिया, इजिप्त, संयुक्त अरब अमिराती अशी देशांची लांबलचक यादी येते आणि नवखा माणूस गोंधळतो. कीबोर्डपुरतं बोलायचं तर यांतला कोणताही एक घ्या, सगळीकडे तीच अठ्ठावीस अक्षरं आहेत. फक्त मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया टाळा. तिथे फ्रेंच धाटणीच्या कीबोर्डाला जुळणारी मांडणी येते. पुढच्या पानावर ‘ही भाषा विंडोजची प्रदर्शनभाषा करा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण असेल तर ती काढून टाका. नाहीतर संगणकाचे सगळे मेनू अरबीत येतील, खिडक्या उजवीकडून उघडतील आणि परत फिरण्याची वाटही अरबीतच शोधावी लागेल.

भाषा बसली, की विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी, मराठी, अरबी असं फिरता येतं. खालच्या पट्टीत इंग्रजीच्या जागी ऐन हे अक्षर दिसलं, की मांडणी बदलली असं समजा. ती खूण बघण्याची सवय लावून घ्या, विशेषतः पासवर्ड टाकताना. संगणक उघडताना पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला, तर बहुतेक वेळा मांडणी अरबीवर राहून गेलेली असते. मांडण्यांच्या यादीत ‘अरेबिक १०१’ आणि ‘अरेबिक १०२’ अशी दोन नावं दिसतील. फरक मोजक्या कळांचा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या कीबोर्डासाठी १०१ घ्या. वर जे वर्णन केलं ते तिचंच.

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘कीबोर्ड’मध्ये ‘इनपुट सोर्सेस’ आहे. तिथे अरबीचे काही पर्याय मिळतात, त्यांतले मुख्य: अ‍ॅपलची स्वतःची मांडणी, ‘अरेबिक पीसी’ आणि ‘अरेबिक क्वर्टी’. विंडोजवर हात बसवला असेल तर ‘पीसी’ घ्या. ‘क्वर्टी’त ‘बी’ दाबला की बा, ‘के’ दाबला की काफ अशी उच्चाराशी जुळणारी सोय आहे, पण ती सवय मॅकबाहेर फारशी उपयोगी पडत नाही. उबुंटूसारख्या लिनक्सवरही ‘सेटिंग्ज’, ‘कीबोर्ड’, ‘इनपुट सोर्सेस’ हीच वाट.

आता एक शब्द लिहून बघू. ‘किताब’, पुस्तक. अरबीत तो काफ, ता, अलिफ, बा असा चार अक्षरांत लिहितात. ऱ्हस्व ‘इ’ लिहिलीच जात नाही. आधी उजव्या करंगळीनं अर्धविरामाची कळ दाबा. काफ उमटतो, पोटात छोटीशी खूण घेऊन, ऐसपैस. मग ‘जे’. ता येतो आणि त्याच क्षणी काफ बदलतो. पोटातली खूण जाते, वरचा हात तिरपा होतो आणि तो डावीकडे ताला बिलगतो. ता मात्र शब्दाचा शेवट आपणच, अशा थाटात लांब पसरलेला असतो. आता ‘एच’. उभा अलिफ येतो आणि पसरलेला ता आक्रसून दोन नुक्त्यांचा एक दात तेवढा उरतो. शेवटी ‘एफ’. बा येतो, पण अलिफाला चिकटत नाही; सुटा उभा राहतो. बॅकस्पेस दोनदा दाबा: बा गेला, अलिफ गेला आणि ता पुन्हा पसरला.

आकारांच्या या सगळ्या हालचालीत संगणकाच्या स्मृतीतलं कोणतंही अक्षर बदललं नाही. शब्द पुरा असताना तिथे चार अक्षरांचे चार संकेतांक, एकापुढे एक, लिहिले त्या क्रमाने पडून आहेत. आकार कोणता दाखवायचा ते शेजारी बघून पडद्यावर ठरलं. अरबीतली बहुतेक अक्षरं सुटी, शब्दारंभी, मध्ये आणि शेवटी अशी चार रूपं घेतात. अलिफ, दाल, जाल, रा, झाय आणि वाव ही सहा मात्र उजवीकडच्या अक्षराला चिकटतात, डावीकडच्याला कधीच नाही. टंकणाऱ्यानं यातलं काहीही करायचं नसतं. त्यानं उच्चाराच्या क्रमानं अक्षर द्यायचं आणि बाकीचं यंत्रावर सोडायचं. अरबी टायपिंगमध्ये याहून मोठं तत्त्व नाही आणि ते सहजासहजी हाती आलेलं नाही.

छपाईच्या काळात हा प्रश्न धातूचा होता. प्रत्येक रूपासाठी वेगळा खिळा, शिवाय लाम-अलिफसारखी जोडरूपं, शिवाय वर-खाली बसणारी स्वरचिन्हं. १८२० मध्ये कैरोजवळ बुलाक इथे मुहम्मद अलीनं सरकारी छापखाना उभारला. तिथल्या कारागिरांनी पुढे जे नस्ख वळण घडवलं ते आजही अरबी मुद्रणाचा मानदंड मानलं जातं. कुराणाची १९२४ ची सुप्रसिद्ध कैरो आवृत्ती त्याच खिळ्यांनी जुळवलेली आहे. पण त्यासाठी जुळाऱ्यापुढे शेकडो खान्यांची मांडणी लागायची. एवढं सगळं टाइपरायटरच्या पन्नासेक कळांवर मावणार कसं? सलीम हद्दाद या चित्रकारानं १८९९ मध्ये अमेरिकेत अरबी टाइपरायटरचं पेटंट घेतलं. त्यानं रूपांची संख्या छाटली आणि बहुतेक अक्षरांना दोनच आकारांवर भागवलं. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस बैरुतच्या ‘अल-हयात’ या दैनिकाचे संस्थापक कामिल मुरुव्वा यांनी लिनोटाइप कंपनीच्या मदतीनं याच धर्तीवर वर्तमानपत्रासाठी सोपं वळण करून घेतलं. आरंभीचं आणि मधलं रूप एक, शेवटचं आणि सुटं रूप एक. बातम्या झपाट्यानं जुळू लागल्या. ‘सिम्प्लिफाइड अरेबिक’ हे विंडोजमधल्या एका फाँटचं नाव त्याच वळणावरून आलं आहे.

या तडजोडी गरजेच्या होत्या, पण त्यांत लिपीनं यंत्राप्रमाणे वागायचं होतं. टाइपरायटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक ठोक्याला विचार करावा लागे, की हे अक्षर पुढच्याला जोडायचं आहे की इथेच शब्द संपतो. संगणकानं ते ओझं उचललं. १९८० च्या दशकात झेरॉक्समध्ये काम करणारे जो बेकर यांनी बहुभाषी लेखनयंत्रणेवर जे काम केलं त्यात हा विचार स्पष्ट मांडला: कळ दाबली की अक्षर नोंदवलं जावं, आकार शोधणं हे सॉफ्टवेअरचं काम. हेच बेकर पुढे युनिकोडच्या जनकांपैकी एक झाले. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, कुवेतच्या मुहम्मद अल-शारिख यांनी ‘सखर’ची सुरुवात केली. त्यांचे अरबी बोलणारे-लिहिणारे घरगुती संगणक अरब देशांतल्या एका अख्ख्या पिढीनं लहानपणी वापरले आणि आपल्या लिपीत संगणक चालतो हे त्या मुलांना पहिल्यापासून गृहीत धरता आलं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात बाला एकच जागा दिली गेली, बाच्या चार रूपांना चार नव्हेत. या रूपांचे वेगवेगळे संकेतांकही युनिकोडमध्ये आहेत, पण ते जुनी माहिती वाचता यावी म्हणून ठेवलेले आहेत. नव्या लेखनात ते वापरू नयेत.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण हेच भोगलं आहे. जुन्या डीटीपी फाँटांमध्ये ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी टंकायची आणि मग ‘क’, कारण वेलांटी दिसते डावीकडे. त्या फाँटांत अक्षर नव्हतं, चित्र होतं. फाँट बदलला की मजकुराचा चुराडा. युनिकोडमध्ये आपण ‘क’ आधी देतो, वेलांटी नंतर, आणि ती डावीकडे नेऊन बसवणं संगणक बघतो. अरबीतला ता आक्रसतो तो याच नियमानं.

म्हणून रूप मनासारखं दिसत नसेल तर हातानं दुरुस्ती करू नका. अक्षरं तोडण्यासाठी मध्ये स्पेस घालणं, लांबवण्यासाठी शिफ्टसकट ‘जे’ दाबून नुसती रेघ ओढणं, हे सगळं दिसायला ठीक वाटतं. पण शोधताना तो शब्द सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो वेगळाच शब्द झालेला असतो. अक्षरं सुटी-सुटी आणि उलटी दिसत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा आहे. चित्ररचनेच्या काही सॉफ्टवेअरमध्ये मध्यपूर्वेच्या लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती न केल्यामुळे विमानतळांपासून टी-शर्टांपर्यंत तुटलेली अरबी छापली गेलेली आहे आणि अरबी वाचणाऱ्याला ती बघताक्षणी खुपते.

नवख्यांच्या आणखी काही चुका ठरलेल्या आहेत. ‘डी’वरचा या आणि ‘एन’वरचा बिननुक्त्याचा या, म्हणजे अलिफ मक्सूरा, ही दोन वेगळी अक्षरं आहेत. इजिप्तच्या छपाईत शेवटच्या यालाही नुक्ते देत नाहीत, त्यामुळे तिथली पुस्तकं वाचणाऱ्यांची गल्लत होते. ‘आय’वरचा दुसरा हा आणि ‘एम’वरचा, त्याच सांगाड्यावर दोन नुक्ते असलेला ता मरबूता यांचंही तसंच. हमजा ही छोटी खूण वर असलेला अलिफ शिफ्ट आणि ‘एच’नं मिळतो, हमजा खाली असलेला शिफ्ट आणि ‘वाय’नं. ‘बी’ दाबला की लाम-अलिफ हे जोडरूप एकदम उमटतं, पण तिथेही स्मृतीत दोन अक्षरं जातात. स्वरचिन्हं शिफ्टबरोबर आहेत: ‘क्यू’वर फतहा, ‘ई’वर दम्मा, ‘ए’वर कसरा, ‘एक्स’वर सुकून, आणि जालच्या कळेवर द्वित्त दाखवणारा शद्दा. रोजच्या लेखनात ही चिन्हं कुणी देत नाही; कुराण, कविता आणि मुलांच्या पुस्तकांत ती लागतात. छपाईसाठी चांगलं वळण हवं असेल तर ‘अमिरी’ हा मोफत फाँट घ्या. खालिद हुसनी यांनी तो बुलाकच्या खिळ्यांवरून केला आहे आणि स्वरचिन्हं त्यात फार नेटकी बसतात.

दिशेचा प्रश्न मात्र सरावलेल्यांनाही छळतो. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण त्याच ओळीतले आकडे आणि इंग्रजी शब्द डावीकडून उजवीकडे. एका ओळीत दोन्ही दिशा सांभाळण्यासाठी युनिकोडनं स्वतंत्र नियमावली केली आहे आणि ती प्रत्येक परिच्छेदाची एक मूळ दिशा धरून चालते. अरबी वाक्य लिहून पूर्णविराम दिला आणि तो उडी मारून वाक्याच्या सुरुवातीला, उजव्या टोकाला जाऊन बसला, तर समजा की परिच्छेदाची दिशा अजून इंग्रजीची आहे. विंडोजमध्ये कंट्रोल आणि उजवीकडचा शिफ्ट दाबा, ओळ उजवीकडून सुरू होईल. डावा शिफ्ट पुन्हा मराठी-इंग्रजीच्या दिशेला आणतो. कंसांचंही तसंच आहे. संगणक कंस डावा की उजवा हे लक्षात ठेवत नाही, उघडणारा की मिटणारा हे ठेवतो आणि दिशेप्रमाणे त्याचं प्रतिबिंब दाखवतो.

आकड्यांचा एक फटका तर खर्चात टाकणारा आहे. समजा, अरबी पत्रावर मुंबईच्या पत्त्याचा पिन कोड ‘४०० ००१’ असा मध्ये जागा सोडून लिहिला. प्रत्येक गट आपापल्या जागी सरळ राहतो, पण गटांचा क्रम अरबी ओळीप्रमाणे उजवीकडून लागतो. वाचणाऱ्याला दिसतं ‘००१ ४००’. आकडे इंग्रजी असोत की अरबी, घडतं हेच. फोन नंबरही गट पाडून लिहिला तर असाच उलटतो. उपाय सोपा आहे: अरबी ओळीत आकडे सलग लिहा, किंवा पत्ता आणि नंबर स्वतंत्र ओळीवर घेऊन त्या ओळीची दिशा इंग्रजीची करा.

कळफलक शिकण्याचा कंटाळा अरब तरुणांनीही केला. मोबाइलवर अरबी लिहिता येत नव्हतं त्या काळात त्यांनी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली आणि ज्या ध्वनींना रोमन अक्षर नाही त्यांना आकडे दिले: ऐनसाठी तीन, ‘पी’वरच्या हासाठी सात, हमजासाठी दोन. या लेखनाला ‘अरबीझी’ म्हणतात. रोमनमध्ये लिहून अरबीत रूपांतर करणारी साधनंही निघाली. २००७ मध्ये सुरू झालेलं ‘यामली’ त्यांतलं प्रसिद्ध. मराठी रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळवणाऱ्यांना ही सोय ओळखीची वाटेल. परदेशी बसलेल्याला, दुसऱ्याच्या संगणकावर अडलेल्याला ती उपयोगी आहे. पण शिकणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. अरबीत ‘स’चे, ‘त’चे, ‘ह’चे दोन-दोन ध्वनी वेगळे आहेत आणि रोमनमधून लिहिताना कोणता हे यंत्र अंदाजानं ठरवतं. शुद्धलेखन हाताला लागतच नाही.

रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यातून आखातात गेलेल्या घरांना ‘टायपिंग सेंटर’ हा प्रकार चांगला माहीत असतो. अमिरातीच्या शहरांत व्हिसाचे, भाडेकराराचे, परवान्यांचे अर्ज अरबीत भरून देणारी ही छोटी दुकानं. तिथे नोकरीला बसणाऱ्याला साहित्यिक अरबी येण्याची गरज नसते. नावं, पत्ते, तारखा न चुकता टंकता आल्या पाहिजेत. मराठी नावं लिहिताना तिथे एक अडचण कायम येते. अरबीत ‘प’ नाही, ‘च’ नाही. ‘मुंबई’ नीट लिहिता येते: मीम, वाव, मीम, बा, अलिफ, या. ‘पुणे’ मात्र बापासूनच सुरू करावं लागतं. म्हणून पाटीलांचे ‘बातील’ होतात आणि पासपोर्टवरच्या रोमन स्पेलिंगशी ताडून बघितल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. एकदा ठरवलेलं अरबी स्पेलिंग सगळ्या कागदांवर तेच ठेवा. एका अक्षराचा फरक पडला तरी नोंदीत दुसरा माणूस उभा राहतो.

शेवटी, महाराष्ट्रात जुन्या कागदपत्रांच्या कामासाठी ज्यांना ही लिपी लागते त्यांच्यासाठी. आपल्या इतिहासाची आदिलशाही, निजामशाही आणि मोगल काळातली असंख्य कागदपत्रं फारसीत आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी ती जपली आहेत. त्यांचं लिप्यंतर संगणकावर करताना बरेच जण अरबी मांडणीच वापरतात, कारण ती आधी सापडते. मग पे, चे आणि गाफ मिळत नाहीत म्हणून इकडून-तिकडून आणून चिकटवले जातात. त्याहून लपलेली अडचण काफ आणि याची आहे. अरबी काफ आणि फारसी काफ, अरबी या आणि फारसी या, शब्दाच्या मध्ये दिसायला अगदी सारखे असतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे संकेतांक वेगळे आहेत.  ‘कोकण’ हा शब्द घ्या. एकानं तो अरबी काफानं टंकला आणि दुसऱ्यानं फारसी काफानं शोधला, तर दोन्ही शब्द पडद्यावर एकसारखे दिसूनही शोधात काहीच हाती लागणार नाही. अशा हजार पानांची सूची करायला बसलं, की निम्मे उल्लेख गळतात आणि गळले हे कळतही नाही.

तेव्हा फारसी कागद टंकायचे असतील तर भाषांच्या यादीतून ‘पर्शियन’ घ्या, उर्दूसाठी ‘उर्दू’ घ्या, आणि अरबी फक्त अरबीसाठी ठेवा. एकाच कामावर तिघे-चौघे बसणार असतील तर पहिलं पान टंकण्याआधी सगळ्यांच्या संगणकावर एकच मांडणी बसवून घ्या.